रविवारी पळणार आहे

माझ्या फोनवर घोड्यांच्या शर्यती दिसतात, पण टापांचा आवाज येत नाही. समालोचकाचा येतो. तो आधी शांतपणे बोलत असतो आणि शेवटच्या वळणावर त्याचा श्वास पुरत नाही. एवढ्या वेगाने पळणाऱ्या दहा-बारा जनावरांचा मिळून आवाज कसा असेल, हे मला कुणाला तरी विचारायचं होतं. लातुरात असा माणूस मला माहीत नव्हता, आणि असता तरी मी त्याला विचारलं नसतं.

हे वेड एका वरातीत लागलं. चुलत भावाच्या लग्नात सगळे बँडपुढे नाचत होते आणि मी नाचायला लागू नये म्हणून घोडीच्या बाजूला जाऊन उभी होते. तिचा एक कान स्पीकरकडे होता आणि दुसरा मागे, लगाम धरलेल्या माणसाकडे. दोन कान दोन दिशांना. मला गंमत वाटली. घरी येऊन घोडे कान कसे फिरवतात ते शोधलं, तिथून घोडे झोपतात कसे, आणि तिथून कसं कोण जाणे शर्यतींवर पोचले. मग तिथेच राहिले.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घोड्यांविषयी जे काही शिकले ते इंग्रजीतच शिकले. त्यामुळे हे कुणाला सांगायचं म्हटलं तर माझ्याकडे मराठी शब्दच नव्हते. खरं सांगायचं तर त्याची मला सोयच होती. बाबांचं आडत दुकान आहे, दिवसभर ते तूर, सोयाबीन आणि माणसं बघतात. त्यांच्या लेखी 'रेस' या शब्दाचा अर्थ एकच, जुगार. मी कधी एका पैशाचा खेळ खेळले नाही, पण हे सांगण्यासाठी आधी मी रेस बघते हे सांगावं लागलं असतं. म्हणून कानाला हेडफोन लावून मी घरूनच कंपनीचं काम करत बसते आणि मधूनच एखादी शर्यत बघते. घरातल्यांना वाटतं, पोरगी लई कामसू आहे.

प्रवासाचे बेत मी आधी लांबचे आखायची. इंग्लंडमधल्या एका गावात सकाळी घोड्यांच्या रांगा रस्ता ओलांडतात आणि मोटारी थांबून राहतात, असं वाचलं होतं. तिथं कुठल्या महिन्यात जावं, कुठल्या टेकडीवर उभं राहिलं की सराव दिसतो, स्वेटर किती घ्यावेत, सगळं मी ठरवून ठेवलं होतं. पासपोर्ट मात्र काढलेला नव्हता. असे बेत फार सुखाचे असतात, कारण त्यासाठी कुणाची परवानगी मागावी लागत नाही.

मग एक घोडी आवडायला लागली. तपकिरी, चारही पाय गुडघ्याखाली पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. शर्यतीच्या सुरुवातीला ती कायम शेवटी असायची. इतकी मागे, की कॅमेऱ्यात यायची नाही. पहिल्यांदा मला वाटलं, हिला काहीतरी झालंय. मग वळण आलं की कडेकडेने ती वर यायची, घाई केल्यासारखी नाहीच, जणू इतका वेळ पुढच्यांकडे नुसतं बघत होती. कधी जिंकायची, बऱ्याचदा नाही. तिचं इंग्रजी नाव मी मोठ्याने कधी घेतलं नाही. माझी हॉस्टेलची मैत्रीण, जी आता हैदराबादला नोकरी करते, तिला एकटीला हे माहीत होतं. ती म्हणायची, "जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या तसं करतीस. उखाण्यात तरी घे."

त्या पावसाळ्यात बातमी आली की घोडी आता थांबणार. एक शेवटची शर्यत, हैदराबादला, रविवारी, आणि मग तिला पैदाशीसाठी पुण्याकडे पाठवणार. म्हणजे तिला पळताना बघायचं तर एवढा एकच दिवस. नंतर ती कुठल्यातरी गवतात उभी असेल, पण पळणार नाही.

यावेळचा बेत जवळचा होता, म्हणून अवघड होता. लातूरहून एकटीने हैदराबादला जाते म्हटलं असतं तर शंभर प्रश्न आले असते. पण आत्या मुदखेडला राहते. तिचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, रेल्वेतून निवृत्त झालेत आणि मुदखेड जंक्शनवरून हैदराबादची गाडी सरळ आहे. मी ठरवलं, चार दिवस आत्याकडे जायचं, रविवारी "मैत्रिणीला भेटून येते" म्हणायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत. खोटंही नव्हतं. मैत्रीण स्टेशनवर येणारच होती. कुठल्या बाजूच्या कठड्याला उभं राहिलं की शेवटचं वळण नीट दिसतं, शर्यतीआधी घोडे ज्या गोल रिंगणात फिरवतात ते फाटकापासून किती लांब, बायका तिथं काय घालून जातात, हे सगळं मी वाचून काढलं. आत्याला मात्र काहीच सांगितलं नव्हतं. रविवारी सकाळी सांगू, आयत्या वेळी कुणी फार विचारत नाही, असा माझा हिशोब.

गुरुवारी दुपारी आत्या झोपली आहे असं समजून मी मागच्या ओट्यावर मैत्रिणीशी फोनवर बोलत होते. शर्यतीत उतरणाऱ्या घोड्यांची नावं नुकतीच जाहीर झाली होती आणि त्यात तिचं नाव होतं. आनंदात माझा आवाज थोडा चढला असणार.

"हो, नक्की झालं," मी म्हणाले. "रविवारी पळणार आहे. हैदराबादलाच... नाही गं, घरी कुणाला सांगितलं नाही. बाबांना कळलं तर संपलंच... तू स्टेशनवर ये फक्त. हा शेवटचा चान्स आहे. नंतर पुण्याला."

आता मी हे लिहिताना मला हसू येतं. मराठीत 'ती पळणार आहे' आणि 'मी पळणार आहे' यांत 'ती' आणि 'मी' काढून टाकले तर काहीच फरक उरत नाही. इंग्रजीत असं झालं नसतं. शिवाय आमच्याकडे मुलगी पळाली असं म्हटलं तर ती कुठल्या मैदानावर पळाली असं कुणी विचारत नाही.

आत्या झोपलेली नव्हती. ती दाराआड सुपात तांदूळ निवडत होती.

तिने मला काही विचारलं नाही. संध्याकाळी माझ्या ताटात न मागता दुसरी पुरणपोळी आली. शुक्रवारी ती दिवसभर माझ्या मागे होती. मी न्हाणीत गेले तर बाहेरून, "हायस का ग?" मी अंगणात गेले तर ती तुळशीला दुसऱ्यांदा पाणी घालायला आली. माझी चप्पल दारात दिसेना, ती दिवाणाखाली सापडली. मी विचारलं तर म्हणाली, "कुत्रं नेतंय बाई. लई वाईट कुत्रं हाय." त्या गल्लीत मी एकही कुत्रं पाहिलं नव्हतं.

मला वाटलं, वयामुळे असेल. तिने तिच्या लग्नाच्या गोष्टी काढल्या. मामा बघायला आले तेव्हा तिला ते आवडले नव्हते, कान मोठे वाटले होते, पण मग सवय झाली. "माणसाची सवय होती बाई. घाई करू नाही." मामा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "कानाची झाली का पण?"

शनिवारी संध्याकाळी दारात गाडीचा आवाज आला. लातूरहून बाबा आले होते. आमचे बाबा शनिवारी दुकान सोडून कुठे जात नाहीत. ते आत आले, पाणी प्यायले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहिली. माझ्या मनात आलं, कुणीतरी गेलं.

"कोण हाय तो?" बाबांनी विचारलं. आवाज मऊ होता, त्यामुळे जास्त भीती वाटली.

"कोण?"

"ज्याच्यासंग उद्या पळून चाललीस त्यो. हैदराबादचा का पुण्याचा?"

मला खरंच काही कळेना. मग कळलं आणि घाईघाईत मी जगातलं सगळ्यात वाईट उत्तर दिलं.

"तो नाही बाबा. ती आहे."

मामांनी पेपर खाली ठेवला. आत्याने गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला आणि "शिव शिव शिव" म्हणाली. बाबांनी टोपी एका गुडघ्यावरून उचलून दुसऱ्यावर ठेवली.

"घोडी," मी म्हणाले. "ती म्हणजे घोडी आहे. घोडी पळणार आहे."

कुणाचा विश्वास बसला नाही. मी फोन काढून दाखवला. तिचा फोटो, पाठीवर हळदी रंगाच्या सदऱ्यातला स्वार. आत्याने फोन हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला.

मामांना आधी हसू फुटलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "मी म्हणलं, घोडं कुठं पेंड खातंय! इथं खाऊन राहिलं व्हय!"

"तुम्ही गप बसा हो," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अन् तू ग, 'घोडी पळणार हाय' म्हणायला काय दात दुखले? नुसतं 'पळणार आहे, पळणार आहे'. दोन राती झोपले न्हाई मी. इंग्लिश शाळंत घालून हे असं व्हतंय बघ दादा."

बाबा हसले नाहीत. पहिली भीती गेली आणि दुसरी आली, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "म्हणजे रेस," ते म्हणाले.

"हो."

"रेसला जाणार व्हतीस. एकटी."

"बघायला. खेळायला नाही."

"बघायलाच जातेत सगळे आधी." ते उठले. "उद्या सकाळी चल माझ्यासंग. घरी."

माझ्या हातातून रविवार गेला, हे मला कळलं. एरवी अशा वेळी मी आत जाऊन खिडकीपाशी बसते. त्या संध्याकाळी मी तिथंच उभी राहिले. ती पुन्हा पळणार नव्हती, मला दुसरी तारीख मिळणार नव्हती. मी बोलायला लागले आणि मला शब्द सापडेनात. म्हणून जे सापडले ते बोलले. म्हटलं, फोनमध्ये आवाज येत नाही. माती कशी उडते ते दिसतं, पण ऐकू येत नाही. मला एकदाच ऐकायचंय. ती कायम मागे असते, कुणाचं लक्ष नसतं तिच्याकडे, मग वळणावर येते, तेव्हा तिचे कान कुठे असतात ते कॅमेऱ्यात कधी दिसत नाही. मला तेवढं बघायचंय.

"कान?" बाबा म्हणाले.

"कान."

ते माझ्याकडे बघत राहिले. एवढं मी त्यांच्याशी सलग कधी बोलले होते, मला आठवत नाही. त्यांनाही आठवत नसावं. पण ते हो म्हणाले नाहीत.

हो म्हणाली आत्या. अजून फोन तिच्याच हातात होता. "पंचकल्याणी हाय की," ती म्हणाली. "चारी पाय धवळे, कपाळ धवळं. लक्ष्मीचं रूप. दादा, मी जाते पोरीसंग."

"अक्का, तुला काय कळतंय त्यातलं?"

"काय कळायचं हाय? घोडी हाय का न्हाई, माझ्या डोळ्यानं बघून येते. फोनमधे काय बी दिसतंय आजकाल." मग हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अन् दुसरं कुणी असलं तर तेबी बघून येते."

'दादा' म्हणत असली तरी आत्या बाबांपेक्षा मोठी. तिच्यापुढे त्यांचं कधी चाललेलं मी पाहिलं नाही. त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि मामांना विचारलं, "गाडीला गर्दी असती का रविवारी?"

सकाळच्या गाडीत आत्याने धपाटे काढले, वर दही, शेंगदाण्याची चटणी. निजामाबाद येईपर्यंत तिने मला घोडीबद्दल विचारलं, अगदी स्थळ आल्यासारखं. "वय काय? आई कोण? बाप कुठला?" मी आई सांगितली, बाप सांगितला, आईचा बापही सांगितला, तो परदेशातून आणलेला. "घराणं चांगलं दिसतंय," आत्या म्हणाली. "खोड काय?" मी म्हटलं, सुरुवातीला मागे राहते. "ती काय खोड झाली? तू बी तशीच हायस."

स्टेशनवर मैत्रीण आली तेव्हा आत्याने तिच्या मागे, पुढे, रिक्षाच्या आतसुद्धा बघून घेतलं. कुणी तरुण नव्हता. रिक्षावालाही पांढऱ्या दाढीचा होता.

मी जे सगळं वाचून ठेवलं होतं त्यातलं बरंच बरोबर निघालं. रिंगण फाटकापासून जवळ होतं. बायका कमी होत्या, पण होत्या. नववारी लुगडं मात्र एकच होतं, आत्याचं. हातात पुस्तिका आणि कानावर पेन्सिल असलेला एक म्हातारा तिच्याकडे अदबीने झुकला. "अम्मा, कौनसा घोडा पसंद आया?"

"हमकू खेलना नको बाबा," आत्या म्हणाली. "हमना एक घोडी देखनेकू आये."

घोडे रिंगणात आले. फोनवर बघताना मला वाटायचं ते मोठे असतील, पण इतके मोठे असतील असं वाटलं नव्हतं. त्यांच्या कातडीखाली शिरा दिसत होत्या, गवताचा आणि घामाचा वास येत होता, आणि नाल दगडावर घासला की खर्रकन आवाज व्हायचा. ती शेवटून दुसरी आली. मी बोट दाखवायच्या आधीच आत्याने पाय मोजल्यासारखे बघितले, कपाळ बघितलं, आणि माझ्या हातावर चापट मारली. "हाय ग, खरंच हाय."

शर्यत सुरू झाली ती पलीकडे, लांब. तिथून नुसते रंग दिसत होते, हळदी रंग सगळ्यांच्या मागे. मी वळणाकडे बघत कठड्याला धरून उभी होते. आणि आवाज आला तो कानात आलाच नाही. तो पायाखालून आला. आधी तळव्यांना कळलं, मग गुडघ्यांना, मग कठड्याच्या लोखंडाला.

आत्याने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखलं. तिचा चेहरा बदलला होता. "जमीन हालली ग," ती म्हणाली. भूकंपाच्या वर्षी आत्या औश्याकडे होती. त्या पहाटेबद्दल ती कधी काही सांगत नाही, आम्हीही विचारत नाही. मी म्हटलं, "आत्या, घोडे आहेत. घोडेच आहेत." तिने मान हलवली, पण हात सोडला नाही.

मग कान भरून आवाज आला. मिलमध्ये डाळीची पोती एकामागून एक कुणी आपटत राहावं, तसा, पण त्याला मध्ये फटच नव्हती. त्यात स्वारांच्या आरोळ्या, चाबकाचे फटके, आणि घोड्यांचे श्वास, जे मला कधी सुचलेच नव्हते. दर झेपेला एक श्वास. हळदी रंग कडेने वर येत होता. एक मागे टाकला, अजून एक.

"पळ ग माय!" माझ्या शेजारून कुणीतरी ओरडलं. आत्याच होती. "पळ! पळ की ग! आता न्हाई तर कवा!"

ती आमच्या समोरून गेली तेव्हा तिचे दोन्ही कान मागे, मानेला चिकटलेले होते. म्हणजे पुढच्यांकडे ती बघत वगैरे काही नव्हती. ती पाठीवरच्या माणसाचंही ऐकत नसावी. मला इतके दिवस ती शांत वाटायची. ती शांत नव्हतीच.

तिसरी आली. मी ओरडले होते की नाही, मला माहीत नाही. मैत्रीण म्हणते, ओरडलीस. माझा घसा मात्र दुसऱ्या दिवशी बसलेला होता.

परतीच्या गाडीत आत्याच्या गल्लीतल्या एक बाई भेटल्या. दवाखान्यातून परत येत होत्या. "काय ओ अक्का, भाचीला घेऊन कुठं गेल्ता?"

"पळून गेल्तो दोघीजणी," आत्या म्हणाली. "पण जमलं न्हाई. वापस चाललो."

बाई हसल्या, आत्या हसली नाही. बाबांचा फोन आला. त्यांनी कोण-कुठं काहीच विचारलं नाही. विचारलं, "ऐकलास का आवाज?"

"ऐकला," मी म्हणाले. "पायातून येतो."

बाबा मग म्हणाले, "बरं. जेवून घ्या."

आत्या खिडकीबाहेर बघत होती. मुदखेड जवळ आलं तशी तिने पिशवी मांडीवर घेतली आणि विचारलं, "मग तिला आता कुठं देणार म्हणलीस?"

"पुण्याकडं."

आत्याने थोडा विचार केला.

"लांबच दिली की ग," ती म्हणाली.